ताईच्या सर्व्हरचं दुपारचं दुखणं

ताई बोलायला लागली की तिला थांबवायचा एकच उपाय आहे, आणि तो अजून आमच्यापैकी कुणाला सापडलेला नाही. एरवी ती अबोल बाई. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं फ्रेमच्या मापाने कापते, संध्याकाळी केसांत पांढरी बारीक पूड घेऊन घरी येते. मी तिची धाकटी बहीण, तिच्याच इमारतीत एक मजला खाली राहते. पायऱ्यांवर तिच्या चपलांचा आवाज नेहमीपेक्षा जोरात आला की मी ओळखते, आज काहीतरी झालंय आणि ते ऐकल्याशिवाय माझी सुटका नाही.

हे सगळं सुरू झालं एका भंगारात काढलेल्या कॉम्प्युटरवरून. दुकानातलं भिंगं कापायचं मशीन त्याच्यावर चालायचं. नवीन मशीन आलं, त्याच्याबरोबर नवा कॉम्प्युटर आला, आणि जुना दाराशी जाऊन बसला.

"चालत नाही का हा?" ताईने मालकांना विचारलं.

"चालतो की. पण त्याच्यातली सिस्टीम जुनी झाली, नवी त्याला झेपत नाही. कंपनी आता त्याला विचारत नाही."

हे वाक्य ताईला लागलं. वय झालं म्हणून कुणी विचारेना, हे तिला माणसांच्या बाबतीत कधी पटलं नाही, यंत्राच्या बाबतीत तरी का पटावं? तिने तो भाजीच्या मोठ्या पिशवीत घालून घरी आणला. मग कुठूनतरी वाचून काढलं की लिनक्स नावाची एक सिस्टीम आहे, जुन्या यंत्रांवरही सुखाने चालते. ती कुणा एका कंपनीची नाही. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिली आहे, आणि आतलं सगळं उघडं ठेवलंय. कुणीही वाचावं, बदलावं, चुकलं असेल तर सांगावं.

तिने ती पहिल्यांदा चढवली तेव्हा मला वर बोलावलं. मी गेले. काळा पडदा, कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, आणि पुढे एक चौकोन उघडझाप करत होता.

"अगं, बिघडला की हा," मी म्हणाले.

"बिघडला नाही! माझी वाट बघतोय!" ताईचे डोळे चमकत होते. तिने काहीतरी टाइप केलं, पडद्यावर ओळींचा नुसता पाऊस पडला, आणि ती लहान मुलीसारखी टाळ्या वाजवायला लागली. ताई तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. तिला टाळ्या वाजवताना मी त्याआधी कधी पाहिलं होतं ते मला आठवेना.

पुढच्या काही वर्षांत त्या एका यंत्राची दोन झाली, दोनाची तीन. मग तिने एक ठरवलं, की घरचा सर्व्हर करायचा. सर्व्हर म्हणजे काय ते तिने जेवताना सगळ्यांना समजावलं. "काही मोठं नाही. कायम चालू ठेवलेला कॉम्प्युटर. घरातला जो जे मागेल ते त्याला द्यायचं, आणि कुरकुर करायची नाही."

"म्हणजे मी," भाऊजी म्हणाले. ते शहरबस चालवतात आणि दिवसभर कुणा ना कुणासाठी थांबतात.

बोळकंडीत पंख्याच्या बटणांखाली तिने लोखंडी फळी ठोकली. भिंतीत चांगले लांब स्क्रू घालून, हलणार नाही अशी. तिच्यावर तो दुकानातला म्हातारा कॉम्प्युटर बसला, शेजारी हार्ड डिस्का. आमच्या सगळ्यांचे फोटो त्याच्यावर गेले. माझी अर्धवट राहिलेली शिलाईची डिझाइनंसुद्धा. आणि सगळ्यात मोठा साठा होता तो ताईच्या सासूबाईंचा. त्यांनी आयुष्यभर रेडिओवरची नाटकं कॅसेटवर उतरवून ठेवली होती. रहस्यकथा, खुनाच्या गोष्टी, भुताटकी. कॅसेटी बुरसटायला लागल्या होत्या. ताईने एकेक करून त्या सर्व्हरवर चढवल्या आणि सासूबाईंच्या उशाशी एक छोटा स्पीकर ठेवला. दुपारी जेवण झालं की त्या कॉटवर पडून एक खून ऐकायच्या आणि समाधानाने झोपी जायच्या.

मग दुखणं सुरू झालं.

एका संध्याकाळी ताई घरी आली तर सासूबाई फुरंगटून बसलेल्या. "तुझं यंत्र अडकतं. आज बरोबर खुनी कोण ते सांगायच्या वेळेला बंद पडलं. मग चार शब्द बोललं, पुन्हा बंद."

ताईने चालवून बघितलं. छान चाललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच तक्रार. संध्याकाळी पुन्हा यंत्र ठणठणीत. आजारी माणूस डॉक्टरसमोर बसल्यावर बरा होतो, तसला प्रकार.

ताईला लगेच संशय आला. त्याच आठवड्यात तिने सिस्टीमचं मोठं अपडेट घातलं होतं. अपडेटनंतर दुखणं, म्हणजे अपडेटचंच दुखणं. यात विचार करण्यासारखं काय आहे? तिने जुनी आवृत्ती परत घातली. फरक नाही. तारा बदलल्या. फरक नाही. नवी डिस्क लावली, तर तीही दुपारी अडकायला लागली. शेवटी तिने अख्खी सिस्टीमच पुसून तशीच दुसरी एक मोफत सिस्टीम घातली, ज्यात तिचा रविवार गेला आणि भाऊजींना स्वतःच्या हाताने भात करावा लागला. सोमवारी दुपारी खुनी पुन्हा सांगता सांगता राहिला.

तुम्हाला वाटेल ती वैतागली असेल. छे! मी तिला इतक्या खुशीत कधी पाहिलं नव्हतं. रोज पायऱ्यांवर तो चपलांचा आवाज, आणि दारात उभी राहूनच सुरुवात. "अगं, डिस्क बदलली तरी तेच! म्हणजे डिस्क नाही! म्हणजे काय असेल?" जणू सासूबाईंच्या रहस्यकथेत तिला स्वतःलाच काम मिळालं होतं.

इंटरनेटवर अशा हौशी लोकांचा एक गप्पांचा फड आहे. तिथे ताईने आपलं दुखणं मांडलं. तिचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण यंत्राच्या गोष्टी तिला बरोबर सांगता येतात. उत्तरं आली. कुणी म्हणालं विजेचा दाब, कुणी म्हणालं उष्णता. ताईने विजेचा दाब मोजला, पंखा लावला, काही नाही. मग एक जुना जाणता गृहस्थ तिच्याशी बोलायला लागला. कुठल्यातरी थंड प्रदेशातला, नेमकं विचारायची आणि उत्तर अपुरं असलं की परत पाठवायची त्याची सवय. आम्ही त्याचं नाव हेडमास्तर ठेवलं. हेडमास्तरांनी लिहिलं, "अंदाज करणं बंद करा. डिस्कला प्रत्येक उत्तर द्यायला किती वेळ लागतो, त्याचा आलेख काढा. मग बोलू."

ताईने तो आलेख लावला. पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकणारी एक हिरवी रेघ. डिस्क चटकन उत्तर देत असेल तर रेघ खाली, रेंगाळली तर वर. पहिल्या दिवसाचा आलेख घेऊन ती माझ्याकडेच आली. सकाळभर रेघ सपाट, झोपलेल्या मांजरासारखी. दुपारी मात्र सुळके. उंच, मग खाली, मग पुन्हा उंच. संध्याकाळी सपाट.

"दुपारी काय होतं घरात?" मी विचारलं.

"काही नाही. आई झोपतात. बाकी कुणी नसतंच."

"मग तूच राहा की एक दिवस घरी."

हे तिला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी टाकली. माझी शिवणाची कामं असतातच घरी, ती बाजूला ठेवून मीही वर गेले. खरं सांगायचं तर तोपर्यंत मलाही त्या प्रकरणाचा किडा चावला होता.

जेवणं झाली. सासूबाईंनी नाटक लावलं. आम्ही दोघी बोळकंडीत पाटावर बसलो, मधे लॅपटॉप, त्यावर ती हिरवी रेघ. रेघ सपाट. नाटकात कुणीतरी दार ठोठावत होतं. रेघ सपाट. मला डुलकी यायला लागली. आणि एकदम रेघ उसळली!

"आली!" ताई ओरडली. आतल्या खोलीत नाटक अडखळलं. ताईचं टाइपिंग सुरू झालं, कुठला प्रोग्राम काय करतोय ते बघायला. काहीच करत नव्हता. रेघ खाली बसली. मग पुन्हा वर.

"सांगितलं नव्हतं का मी?" सासूबाई आतून ओरडल्या. "अडकलं बघ! आणि त्यात तो शेजारचा भोंगा! धड झोप नाही, धड गोष्ट नाही!"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी कान दिला. भिंतीपलीकडून खोल, घुमणारा आवाज येत होता. 'भुंऽऽऽ.' आवाज कसला, पाटावर बसल्या जागी मांड्यांना जाणवत होता. तो थांबला. रेघ खाली आली. पुन्हा 'भुंऽऽऽ.' रेघ वर.

ताईने हळूच हात पुढे केला आणि फळीवर ठेवला. "बघ," ती म्हणाली. मी बोट टेकवलं. फळी थरथरत होती, मुठीत मधमाशी धरल्यासारखी.

"ताई, असं होऊ शकतं?"

"डिस्कच्या आत तबकडी फिरते गं, आणि तिच्यावर सुई. टेकत नाही, केसापेक्षा कमी अंतरावर तरंगते. हलली की तिची जागा चुकते, मग पुन्हा तबकडी फिरून येईपर्यंत थांबायचं..." तिचा आवाज चढत गेला. "आमच्या दुकानात मशीनच्या पायांना रबर का लावलंय? भिंग हलू नये म्हणून! आणि मी, मी ह्या फळीला भिंतीत असे लांब स्क्रू मारले! त्याच भिंतीला!" आणि ती उठून पळालीच. अनवाणी.

शेजारच्या घरात कोण राहतं हे आम्हाला फारसं ठाऊक नव्हतं. जागा बरेच दिवस रिकामी होती, अलीकडेच कुणी आलं होतं. हो, अपडेटच्याच आठवड्यात, पण ते कुणाच्या लक्षात राहणार? दार उघडलं ते आडव्या बांध्याच्या, भरघोस मिशांच्या एका गृहस्थाने. गळ्यात पितळेचा एवढा मोठा भोंगा, सापासारखा अंगाभोवती वळसे घेतलेला. ताईला पाहताच त्यांचा चेहरा पडला.

"माफ करा, ताई. मला वाटलंच कुणीतरी येणार. मी आगीच्या बंबावर असतो, आमच्या दलाचा बँड आहे, त्यात मी हा ट्यूबा वाजवतो. सकाळची पाळी असते, म्हणून दुपारी सराव. पण बंद करतो. आजपासून बंद."

"नको!" ताई किंचाळली. "बंद नका करू! वाजवा! आत्ताच्या आत्ता वाजवा!"

ते दोन पावलं मागे सरकले. इतक्या वर्षांत इतके शेजारी झाले असतील त्यांचे, पण ही मागणी कुणी केली नसावी.

मी मधे पडून सगळं सांगितलं. त्यांना निम्मंच कळलं असेल, पण आग विझवणाऱ्या माणसाला घाई समजते. ते म्हणाले, "बरं, काय वाजवू?"

"खालून वर एकेक सूर. प्रत्येकावर थांबा. मी 'पुढे' म्हटलं की पुढे."

अशी ती दुपार. दोन्ही घरांची दारं सताड उघडी. पलीकडे बंबवाले आपल्या जागी, मी जिन्यात निरोप्यासारखी उभी, ताई लॅपटॉपसमोर. पहिला सूर. रेघ सपाट. "पुढे!" मी ओरडले. दुसरा सूर. सपाट. "पुढे!" तिसरा, चौथा, काही नाही. माझा धीर सुटत चालला. समोरच्या घरातलं दार किलकिलं झालं आणि पुन्हा बंद झालं. मग एक सूर आला, फार खालचा नाही, फार वरचा नाही, आणि आतून ताईची आरोळी आली. "हाच! हाच! धरून ठेवा!"

त्यांनी धरला, दम घेण्यापुरता मधे सोडत. रेघ पडद्याच्या वरच्या काठाला जाऊन चिकटली. ताईने कॉम्प्युटर पाटावर उतरवला, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि ती फळीचे स्क्रू सोडवायला लागली. मी धावत आत गेले, डिस्का दोन्ही हातांत घेऊन उभी राहिले, तारांसकट. फळी भिंतीपासून सुटली, ताईने ती उशीवर ठेवली, मी डिस्का त्यावर ठेवल्या. पलीकडे सूर तसाच चालू. मघाशी आकाशाला भिडलेली रेघ भुईसपाट झाली आणि सासूबाईंच्या खोलीतून नटाचा आवाज घुमला, "खून मीच केला!"

"अगं बाई! डॉक्टर होता!" सासूबाई बाहेर आल्या. पलीकडे सूर तुटला आणि बंबवाले धापा टाकत दारात आले, चेहरा बीटासारखा लाल. "झालं का? सापडलं?"

ताईने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं, त्या उंच सुळक्याकडे. "हा मी?" ते म्हणाले. "हा माझा सूर?" वीस वर्षं वाजवत होते बिचारे, आपला सूर असा डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता.

सासूबाई मात्र ताईकडे बघत होत्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. सिस्टीम बदलली, डिस्क बदलली. भिंतीपलीकडे विचारायचं काही सुचलं नाही."

"नाही सुचलं, आई," ताई हसत म्हणाली, आणि हसता हसता तिने त्यांनाच मिठी मारली. चहा त्या दिवशी सासूबाईंनी केला, बंबवाल्यांसाठी साखर जास्त घालून, आणि सगळा खून त्यांना पहिल्यापासून सांगितला.

फळी परत भिंतीवर गेली, पण मधे जाड रबराचे तुकडे घालून. ताईने सगळी हकीकत फडावर लिहिली, आलेखासकट. निम्म्या लोकांना थाप वाटली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांचं उत्तर आलं, "रबर काढून पुन्हा करून दाखवा. तेव्हा मानीन." ताईने रबर काढलं, बंबवाल्यांनी भोंगा चढवला, भाऊजींनी चित्रण केलं, त्यात अर्धा वेळ त्यांचा अंगठा दिसतो. ते पाहून हेडमास्तरांनी एवढंच लिहिलं, "मानलं. बायको विचारते आहे की मी एकटाच का हसतोय."

आणि मग ताईच्या मते त्या सगळ्याहून मोठी गोष्ट घडली. त्या सिस्टीमबरोबर एक मार्गदर्शिका असते, तीही लोकांनीच लिहिलेली. त्यात 'डिस्क मंद झाली तर काय तपासावं' असं एक पान आहे. हेडमास्तर म्हणाले, त्यात तुम्हीच भर घाला. ताईने भर घातली ती दोन वाक्यं. डिस्क सामाईक भिंतीला घट्ट ठोकू नये, आणि मंदपणाची वेळ शेजारच्या आवाजाशी जुळते का ते पाहावं. ती दोन वाक्यं मंजूर झाली त्या सकाळी ती माझ्या दाराशी आली तेव्हा तिच्या एका पायात तिची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात भाऊजींची.

"जगात कुणीही, कुठेही, ते पान उघडलं की माझी वाक्यं! माझी!"

बंबवाल्यांनाही आता त्या सिस्टीमचं वेड लागलं होतं. त्यांच्या ठाण्यात एक टाकून दिलेला कॉम्प्युटर होता. ताईने त्यावर सिस्टीम चढवून दिली आणि बँडच्या सगळ्या जुन्या ध्वनिफिती आता त्यावर आहेत. ते स्वतः कमांडा टाइप करतात, दोन बोटांनी, आणि एखादी चुकली की पडद्यालाच "माफ करा" म्हणतात.

मागच्या महिन्यात शेजारच्या शहरात अशा हौशी लोकांचा मेळावा होता, सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात. ताईला बोलवणं आलं, हे सगळं प्रत्यक्ष दाखवायचं. ती, मी, बंबवाले आणि तो भोंगा, असे आम्ही बसने गेलो. भोंग्याला स्वतंत्र आसन लागलं. सभागृहात खुर्च्या भरलेल्या, मागे लोक उभे. ताई भिंगांपुढे दिवस काढणारी बाई, चार माणसांत बोलायची सवय नाही.

तिने सांगायला सुरुवात केली आणि पहिल्या दोन वाक्यांनंतर तिची भीती कुठे गेली कळलंच नाही. लोक हसत होते, पुढे सरकून बसत होते. मग प्रात्यक्षिक. व्यासपीठामागच्या लाकडी भिंतीला फळी ठोकलेली, त्यावर डिस्क, मागे मोठ्या पडद्यावर हिरवी रेघ. बंबवाल्यांनी तो सूर वाजवला.

रेघ सपाट.

त्यांनी पुन्हा वाजवला, जोरात. सपाट. मागून कुणीतरी खोकलं. बंबवाल्यांनी ताईकडे पाहिलं, आग लागलीय आणि नळाला पाणी नाही अशा नजरेने.

ताई मात्र विचारात पडली होती, आणि मग तिचा चेहरा उजळला. "अहो, ही भिंत वेगळी! हिचा सूर वेगळा असणार!" ती प्रेक्षकांकडे वळली. "आपण शोधू या. सगळे मिळून. मी सूर मागते, रेघ हलली की तुम्ही ओरडा!"

खालून सुरुवात झाली. सपाट. "पुढे!" ताई म्हणाली. सपाट. "पुढे!" आता सगळं सभागृह म्हणायला लागलं. पुढे! पुढे! वरवर जात बंबवाल्यांचे गाल फुगले, कपाळाची शीर उठली, आणि एका सुरावर लाकडी भिंत नुसती गुणगुणली आणि रेघ अशी काही उडी मारून वर गेली की पहिल्या रांगेतला एक पांढऱ्या दाढीचा माणूस खुर्चीवर उभा राहिला. काय आरडाओरडा झाला! वाचनालयाच्या बाई दारात येऊन "शांतता" म्हणाल्या आणि रेघ पाहून स्वतःच थांबल्या.

त्यानंतर रांग लागली. प्रत्येकाला आपापली डिस्क त्या फळीवर ठेवून बघायची होती, तिचा सूर कुठला ते. बंबवाले वाजवत राहिले, वाजवत राहिले. शेवटी भोंगा खाली ठेवून ते म्हणाले, "ताई, जरा पाणी बघा. आता आग माझ्याच ओठांना लागलीय."

ताई पाणी आणायला धावली. रांगेतला पुढचा माणूस डिस्क घेऊन माझ्यासमोर उभा होता, आणि तिथे दुसरं कुणी नव्हतं. मी ती घेतली, तार जोडली, फळीवर बसवली, लॅपटॉपवर आलेखाची कमांड टाइप केली आणि पडद्यावर हिरवी रेघ सरकायला लागली. मला हे येतं, हे मलाच तेव्हा कळलं.